फोनचे बिऱ्हाड

सरकारी शाळेच्या नोकरीत बदली कोणाला चुकत नाही. माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत सात बदल्या झाल्या. धार, खरगोन, मंदसौर, देवास अशी वळणे घेत आम्ही अखेरीस पुन्हा इंदूरला पोहोचलो, आणि प्रत्येक वेळी सारा संसार गाठोड्यांत बांधून ट्रकवर चढवावा लागला. बिऱ्हाड हलविणे ही एक विद्या आहे आणि आमच्या घरी ती सौ.कडे आहे. तिचे नियम कडक. देवांची पेटी ट्रकमध्ये जाणार नाही. ती मांडीवर घ्यावयाची. लोणच्याच्या बरण्या सर्वांत शेवटी चढवावयाच्या व सर्वांत आधी उतरवावयाच्या. आणि नव्या घरात शेवटचे गाठोडे सुटून वाटी न् वाटी मोजून होईपर्यंत जुन्या घराची किल्ली घरमालकाच्या हाती द्यावयाची नाही. ह्या तिसऱ्या नियमापायी दर बदलीला आठ-पंधरा दिवसांचे दुहेरी भाडे भरावे लागे, आणि त्यावरून आमच्यात दर वेळी शब्दाला शब्द लागे.

२०२५ च्या दसऱ्याला मी नवा मोबाइल फोन घेतला. जुना २०१८ सालचा. त्याच्या पडद्याचा खालचा दोन बोटे रुंदीचा पट्टा स्पर्शाला दाद देईनासा झाला होता. कोणाला उत्तर लिहावयाचे म्हणजे फोन आडवा-उभा फिरवून अक्षरे जिवंत भागात आणावी लागत. शेवटी मुहूर्त पाहून आम्ही दोघे जेल रोडवरील एका दुकानात गेलो. तेथील मुलगा मोठा चुणचुणीत होता. त्याने माझ्या गुगल खात्याचा पत्ता विचारला, पासवर्डही विचारला (तो मी स्वतः टंकित केला, एवढे शहाणपण माझ्यापाशी होते), आणि दहाएक मिनिटांत नव्या फोनच्या पडद्यावर ओळखीची नावे उमटू लागली. पाठोपाठ मुलीच्या लग्नातील छायाचित्रे आली. व्हॉट्सॲपही त्याने सुरू करून दिले. "सर, सब आ गया है, देख लो," असे म्हणून त्याने जुना फोन हातात तोलला आणि त्याचे आठशे रुपये बिलातून वजा करण्याची तयारी दाखविली. पूर्वी दुपारच्या वेळी दारावर बोहारीण येई आणि जुन्या साड्यांच्या मोबदल्यात स्टीलचे पातेले देई; तोच व्यवहार, फक्त दुकानात गारवा होता.

मी होकार देणार इतक्यात सौ. म्हणाली, "आज नको. किल्ली पंधरा दिवसांनी देऊ."

दुकानदाराला अर्थातच काही बोध झाला नाही. मला झाला, पण आठशे रुपये गेल्याची खंत घेऊनच मी घरी आलो.

रात्री जेवणे झाल्यावर मी नव्या फोनात ध्वनिमुद्रणाचे ॲप उघडले. यादी कोरी होती.

येथे थोडे मागे जावे लागेल. माझी आई २०२२ च्या श्रावणात वारली. त्यापूर्वीची दोन-अडीच वर्षे, विशेषतः टाळेबंदीच्या काळात शाळा बंद असताना, मी दुपारी तिच्याजवळ बसे आणि तिचे बोलणे फोनवर मुद्रित करून ठेवी. असे एकतीस तुकडे जमले होते. काही तीन मिनिटांचे, एक तर पाऊण तासाचा. आमच्या घरच्या महालक्ष्म्यांचा सगळा क्रम त्यात आहे: मुखवटे कोणत्या पेटीत, आवाहनाच्या दिवशी भाजी कोणती आणि सोळा भाज्या न मिळाल्या तर काय करावयाचे. भुट्ट्याच्या किसात दूध केव्हा घालावयाचे ते आहे. घरातल्या कोणत्या मुलाचा जन्म कोणत्या वाड्यात झाला, कोण कोणाशी का बोलत नसे, हेही आहे. आणि ह्या सर्वांहून माझ्या दृष्टीने मोलाची म्हणजे तिची बोली. "मी करून राहिले ना" असे म्हणणारी, मध्येच हिंदीचा हात धरणारी आणि तरीही पुण्याहून आलेल्या पाहुण्याला ठणकावून "हीच आमची मराठी" असे सांगणारी ती इंदुरी मराठी. मराठीत एम.ए. होताना मी बोलीभाषांवर पानेच्या पाने उतरून काढली. पण आपल्याच स्वयंपाकघरातली बोली टिपून ठेवावी हे पन्नाशी उलटल्यावर सुचले.

कोरी यादी पाहून माझ्या पोटात खड्डा पडला, कारण ही वेळ माझ्यावर दुसऱ्यांदा आली होती.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, २०१७ साली गेले. त्यांचाही आवाज मी माझ्या पहिल्या स्मार्टफोनात मुद्रित केला होता. त्या फोनात जागा बेताची, म्हणून वर एक मेमरी कार्ड घातले होते. ज्या वाचकांच्या घरी कार्ड घालता येणारे फोन अद्याप आहेत त्यांनी पुढचे दोन परिच्छेद लक्षपूर्वक वाचावेत. अँड्रॉइडच्या २०१५ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून काही फोन कार्ड घातल्यावर एक प्रश्न विचारू लागले: हे कार्ड सुटे म्हणून वापरावयाचे, की फोनच्या अंतर्गत साठवणीचा भाग समजावयाचे? दुसरा पर्याय निवडला की फोनची जागा वाढल्यासारखी होते, म्हणून मी तो निवडला. मला हे ठाऊक नव्हते की तसे करताना फोन त्या कार्डाला गुप्त लिपीचे कुलूप घालतो आणि त्याची किल्ली स्वतःच्याच पोटात ठेवतो. त्यानंतर ते कार्ड त्या एका फोनशिवाय जगात कोणालाही वाचता येत नाही.

२०१८ मध्ये तो फोन देऊन दुसरा घेतला. त्या दिवशी सौ. माहेरी ग्वाल्हेरला होती. मी मोठ्या हुशारीने कार्ड काढून खिशात ठेवले आणि फोन दुकानदाराच्या स्वाधीन केला. त्याने तो माझ्यादेखतच पुसून टाकला. घरी येऊन कार्ड संगणकाला लावले तर संगणक म्हणाला, हे कार्ड वापरण्यायोग्य नाही, ते नव्याने तयार करावयाचे काय? मी नाही म्हटले. दोन जाणत्या कारागिरांना दाखविले. दोघांनीही तेच सांगितले: कार्डावर सारे काही आहे, पण किल्ली फोनबरोबर गेली. ते कार्ड अजून देवघराच्या फडताळात एका चांदीच्या करंड्यात ठेवलेले आहे. टाकवत नाही.

असो. आईच्या मुद्रणांकडे वळण्यापूर्वी, दुकानातल्या मुलाने "सब आ गया" म्हटले त्यात तो खोटे बोलत होता असे कोणी समजू नये. त्याच्या दृष्टीने सारे आले होते. मुळात "फोनमध्ये आहे" असे आपण म्हणतो तेव्हा तीन निरनिराळ्या ठिकाणांना आपण एकच नाव देत असतो, हा सारा घोटाळा त्यातून होतो. काही गोष्टी खरोखरच फोनच्या पोटात असतात. काही गुगल वा ॲपल ह्यांच्यासारख्या कंपनीच्या दूरच्या संगणकावर, आपल्या नावाच्या खात्यात असतात आणि फोन ही केवळ त्या खात्याची खिडकी असते. आणि काही तिसऱ्याच कोणाच्या ताब्यात असतात: पैसे बँकेच्या, आधार ते देणाऱ्या प्राधिकरणाच्या. दुकानातला मुलगा फक्त मधली खिडकी नव्या घरात बसवून देतो. ती बसताच पलीकडचा देखावा जसाच्या तसा दिसू लागतो आणि घरमालकाला वाटते की सामान पोहोचले. जे फोनच्या पोटात होते ते मात्र जुन्या घरातच पडून असते.

नावांचेच पाहा. जुन्या फोनात माझ्यापाशी अकराशे चाळीस नावे होती. नव्यात मोजली तर आठशे सहा. उरलेली कुठे गेली? नवे नाव लिहिताना फोन विचारतो की ते खात्यात ठेवावयाचे, फोनमध्ये ठेवावयाचे की सिमवर, आणि आपण घाईत जे पहिले दिसेल ते दाबतो. माझी तीनशेवर नावे नुसती फोनमध्ये होती. खरगोनच्या जुन्या विद्यार्थ्यांची जवळजवळ सगळी त्यांत होती. उपाय सोपा आहे, फक्त तो जुना फोन हाती असतानाच करता येतो. नावांच्या ॲपमध्ये सर्व नावे एका फाइलमध्ये काढण्याची सोय असते, ती फाइल नव्या फोनात उघडली की नावे भरली जातात; किंवा फोनमधली नावे सरळ खात्यात हलविता येतात. आधी दोन्ही फोनांतील नावांची संख्या मात्र कागदावर लिहून ठेवावी. मी ती शाळेच्या हजेरीपटाच्या सवयीने लिहिली.

छायाचित्रांच्या बाबतीत धोका उलट्या बाजूने येतो. गुगल फोटोज ह्या ॲपने चित्रे खात्यात चढविलेली असतील तर नव्या फोनात ती आपोआप दिसतात. पण ती तेथे "दिसतात", ठेवलेली नसतात. आमच्या गल्लीतले एक निवृत्त बँक अधिकारी, अतिशय टापटिपीचे गृहस्थ. नव्या फोनात सर्व चित्रे दिसत आहेत अशी खात्री करून त्यांनी जुना फोन भाच्याला देण्यापूर्वी त्यातली चित्रे त्याच ॲपमधून एक दिवस बसून पुसली. रात्री नवा फोन उघडला तर तोही रिकामा! खाते एकच, खिडक्या दोन. एका खिडकीतून वस्तू बाहेर फेकली तर ती दुसऱ्या खिडकीतून कशी दिसावी? सुदैवाने खात्यात चढलेले चित्र पुसल्यावर ते साठ दिवस कचरापेटीत राहते, आणि त्यांनी आमच्याकडे येऊन विचारले ते तिसऱ्याच दिवशी. चित्रे परत आली. रजेचे आजवर कधीही न मागितलेले दिवस वसूल झाल्यासारखा त्यांचा चेहरा खुलला.

चित्रे चढलीच नसतील हीदेखील शक्यता असते. गुगल प्रत्येक खात्याला १५ गीगाबाइट जागा विनामूल्य देते. तीत पत्रे, फाइली, चित्रे सर्व काही बसवावयाचे. चित्रांसाठी पूर्वी एका ठराविक दर्जापर्यंत अमर्याद जागा होती, ती सवलत १ जून २०२१ रोजी संपली. तेव्हापासून अनेक घरांतील खाती भरून थांबलेली आहेत आणि घरच्यांना त्याची वार्ता नाही. फोन अधूनमधून तशी सूचना देतो; पण सकाळच्या सुप्रभाताच्या फुलांत ती कोण वाचणार? माझेही खाते भरलेले होते. त्याचा परिणाम मला भोगावा लागला तो व्हॉट्सॲपच्या बाबतीत.

व्हॉट्सॲपवरील संभाषणे कंपनीच्या संगणकावर जपून ठेवलेली असतात असा सार्वत्रिक समज आहे. तसे नाही. निरोप पोहोचला की तो तुमच्या फोनमध्ये राहतो. त्याची प्रत, तुम्ही तशी व्यवस्था केली असेल तर, अँड्रॉइडमध्ये तुमच्या गुगल खात्यात जाते. पूर्वी ती प्रत वरील १५ गीगाबाइटमध्ये धरली जात नसे, २०२४ पासून धरली जाऊ लागली. माझे खाते भरलेले, म्हणून प्रत घेणे कित्येक महिने बंद पडलेले. दुकानातल्या मुलाने नव्या फोनात क्रमांक नोंदविला, जुने काही परत आणावयाचे का असा प्रश्न ॲपने विचारला, परत आणण्यासारखे काही सापडत नाही असे पाहून त्याने तो प्रश्न ओलांडला, झाले. माझ्या धाकट्या बहिणीने वडोदऱ्याहून आईच्या आजारपणात पाठविलेले निरोप, आईला ऐकविण्यासाठी तिने बोलून पाठविलेली वाक्ये, सर्व जुन्या फोनात राहिले होते.

ह्यावरचा उपाय २०२३ च्या मध्यापासून उपलब्ध आहे आणि तो खात्याच्या जागेवर अवलंबून नाही. दोन्ही फोन एका टेबलावर शेजारी ठेवावयाचे. दोन्हींचे वायफाय व स्थान दर्शविण्याची सोय चालू. जुन्या फोनात व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये चॅट्स ह्या सदरात संभाषणे स्थलांतरित करण्याचा पर्याय आहे, तो दाबावयाचा. नव्या फोनात क्रमांक नोंदविला की तेथे ठिपक्यांचा चौकोन, ज्याला क्यूआर कोड म्हणतात, तो उमटतो. जुन्या फोनच्या कॅमेऱ्याने तो वाचला की सामान एका फोनातून थेट दुसऱ्यात उतरू लागते. नोंदणीच्या वेळी येणारा सहा अंकी संकेत कोणालाही सांगू नये. दुकानदार कितीही भला असला तरी तो आपल्या हाताने टंकित करावा. ज्यांनी आपल्या प्रतीला पासवर्ड लावला आहे, किंवा चौसष्ट अंकी किल्ली निवडली आहे, त्यांनी ती वहीत लिहून ठेवावी. ती हरवली तर कंपनीदेखील प्रत उघडून देऊ शकत नाही. किल्ली हरविण्याचा अर्थ काय ते आमच्या देवघरातले कार्ड सांगेल.

पैशांच्या बाबतीत मात्र लोक उगाच घाबरतात. पैसे फोनमध्ये नसतातच. यूपीआयचे ॲप नव्या फोनात घातले की ते आपल्या सिमवरून एक लघुसंदेश पाठवून क्रमांकाची शहानिशा करते, म्हणून सिम नव्या फोनात असावे व त्यात संदेश पाठविण्यापुरते पैसे असावेत, इतकेच. पिन जुनाच चालतो. पहिला दिवसभर मोठी रक्कम जात नाही असा अनुभव येईल. ती सुरक्षेची तजवीज आहे, म्हणून लग्नाच्या हॉलचे पैसे भरावयाच्या दिवशी फोन बदलू नये. डिजिलॉकरमधील कागदपत्रे नव्या फोनात नुसते प्रवेश करताच दिसतात. फक्त ज्यांच्याकडे प्रवेशाचे सहा आकडे दर अर्ध्या मिनिटाला बदलून दाखविणारे ऑथेंटिकेटर ॲप आहे, त्यांनी ते जुना फोन पुसण्यापूर्वी आठवणीने हलवावे.

ज्यांची मुले परदेशांतून वा पुण्याहून आयफोन पाठवितात त्यांच्यासाठी दोन शब्द. आयफोनकडून आयफोनकडे जाणे सर्वांत सुखाचे. दोघे शेजारी ठेवले की पुष्कळसे काम होते. अँड्रॉइडकडून आयफोनकडे जाताना ॲपलचे "मूव्ह टू आयओएस" हे ॲप जुन्या फोनात घालावे लागते, आणि २०२२ पासून व्हॉट्सॲपही त्याच वाटेने जाऊ शकते. पण हे आयफोन अगदी कोरा असताना, पहिल्या मांडणीच्या वेळीच करणे इष्ट. मुलांनी उत्साहाने तो आधीच सजवून पाठविला असेल तर पुन्हा कोरा करावा लागतो, आणि ते त्यांना सांगणे अवघड जाते.

आता आईची मुद्रणे. चित्रे व चलच्चित्रे खात्यात चढविणारे ॲप आवाजाच्या फाइली चढवीत नाही. माझ्या फोनच्या बॅकअपच्या यादीतही नावे, संदेश, कॉलची नोंद, ॲप्स, सेटिंग्ज एवढेच होते. मुद्रणे निव्वळ जुन्या फोनच्या पोटात होती आणि त्या फोनचा पडदा अर्धमेला. केबलने संगणकाला जोडला तर फाइली दाखवू का असे तो विचारी, आणि होकाराचे बटण नेमके त्या मेलेल्या पट्ट्यात येई. फोन आडवा करून पाहिला. ती चौकट हटवादीपणे उभीच राहिली.

शेवटी भाच्याने युक्ती सांगितली. फोनच्या चार्जिंगच्या छिद्रात बसणारा एक लहानसा जोड मिळतो, त्याला ओटीजी म्हणतात. त्यावर संगणकाचा साधा माउस लावला की पडद्यावर बाण उमटतो आणि स्पर्शावाचून सारे दाबता येते. ज्यांच्या फोनचा पडदा स्पर्श ओळखत नाही पण चित्र दाखवितो, त्यांनी फोन भंगारात काढण्यापूर्वी हा प्रयोग जरूर करावा. आता छिद्र माउसने अडविलेले, म्हणून केबल लावता येईना. तेव्हा जवळच्या दोन फोनांत बिनतारी देवघेव करणारी क्विक शेअरची सोय वापरली. जानेवारी २०२४ पर्यंत तिचे नाव निअरबाय शेअर होते. फाइलींच्या ॲपमध्ये मुद्रणांचे खण उघडले, सर्वांवर खूण केली आणि पाठविले. नव्या फोनात एक-एक नाव उतरू लागले. "आई १", "आई २", "आई महालक्ष्मी", "आई कीस". माझ्या विद्यार्थ्यांना मी शीर्षके कशी द्यावीत ह्यावर व्याख्याने देतो.

मोजली. एकतीस. मी समाधानाने चष्मा काढला. सौ. म्हणाली, "अहो, वाट्या नुसत्या मोजायच्या नसतात, पालथ्या करून पाहायच्या असतात." म्हणून प्रत्येक फाइलचा आकार जुन्याशी ताडून पाहू लागलो, तर एकोणिसाव्या फाइलचा आकार शून्य. नाव होते, आत काही नाही. मध्येच तार तुटली असावी. ती पुन्हा पाठविली, आणि मग सर्व एकतीस संगणकावर उतरविली, एका पेनड्राइव्हवर घातली आणि तो पेनड्राइव्ह दिवाळीत बहिणीबरोबर वडोदऱ्याला गेला. व्हॉट्सॲपचे स्थलांतर त्याच माउसने दुसऱ्या दिवशी केले. त्यासाठी क्रमांक पुन्हा जुन्या फोनात नोंदवावा लागला आणि तसे करताच जुनी संभाषणे तेथे जशीच्या तशी उघडली. नव्या फोनातले ॲप काढून पुन्हा घातले, मग चौकोन दाखविला. अडीच तास लागले.

आईचा स्वतःचा एक लहान फोनही घरात आहे. त्यातील खाते आम्ही कोणी उघडीत नव्हतो. ज्या वैयक्तिक खात्यात दोन वर्षे कोणी शिरले नाही ते आतल्या चित्रांसह काढून टाकण्याचे धोरण गुगलने डिसेंबर २०२३ पासून अवलंबिले आहे, हे मला ह्या खटाटोपात समजले. तो फोन लगोलग चार्ज केला. खाते शाबूत होते, बहुधा नातवंडे मधूनमधून त्यावर भजने लावीत म्हणून. त्यातलीही चित्रे उतरवून घेतली. दिवंगत आप्तांचे फोन कपाटात ठेवणाऱ्या कुटुंबांनी एखादा रविवार ह्या कामी घालावा.

पंधरा दिवस उलटले. ह्या अवधीत आणखी दोन गोष्टी जुन्या घरात राहिल्याचे आढळले: संचालनालयाकडून आलेले आदेश, जे डाउनलोडच्या खणात पडून होते, आणि मी फोनमध्ये टिपलेल्या निवृत्तिवेतनाच्या काही नोंदी. त्याही आणल्या. मग फोन पुसण्याचे काम. त्याचा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. प्रथम सिम आणि कार्ड बाहेर काढावे. नंतर सेटिंग्जमध्ये जाऊन आपले गुगल खाते त्या फोनमधून काढावे. ते राहिले तर पुढच्या मालकाकडून फोन आपला पासवर्ड मागत बसतो आणि तो बिचारा रात्री-अपरात्री आपल्याला फोन करतो. त्यानंतर फॅक्टरी रीसेट. अलीकडच्या फोनांत सर्व सामग्री गुप्त लिपीत असते व ह्या क्रियेने तिची किल्लीच नष्ट होते, म्हणून नंतर ती कोणी वाचील ही भीती फारशी उरत नाही. जो न्याय नानांच्या कार्डाला लागला तोच येथे आपले रक्षण करतो. नुसती चित्रे पुसून फोन दिला तर मात्र काही खरे नाही.

दुकानात गेलो. तोच मुलगा होता. आता त्या फोनचे पाचशेच मिळतील म्हणाला. मी सौ.कडे पाहिले नाही, सौ.ने माझ्याकडे पाहिले नाही, आणि पाचशे घेऊन आम्ही सराफ्यात जाऊन जिलेबी खाल्ली.

त्या रात्री एकतीसही मुद्रणे नव्या फोनावर ओळीने ऐकावयाची असे आम्ही ठरविले. उघडतात की नाही हे पाहण्यासाठी, असे मी म्हणालो. साडेअकराच्या सुमारास तेविसावे लागले. त्यात बराच वेळ नुसता मिक्सरचा आवाज आहे. मग तो थांबतो, आणि आई माझ्यावर डाफरते: "अरे, ते यंत्र तोंडापुढून काढ आधी. तास झाला, मी बोलून राहिले आणि तू नुसता ऐकून राहिला. कोथिंबीर निवड."

सौ.ने तेवढेच पुन्हा एकदा लावावयास सांगितले.